पैठणच्या जळालेल्या पोथीवरची कादंबरी : पार्श्वभूमी

या कादंबरीचे कथाबीज पैठणचे आहे. सातवाहन राजाने नाकारलेल्या सात लाख श्लोकांच्या ‘बृहत्कथे’चे एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तिचा कर्ता पंडित ते अग्नीत टाकत गेला आणि ऐकण्यात गुंगलेली जनावरे चरायचे विसरून रोडावली, ही आख्यायिका परिचित आहे. त्यातला एक लाख श्लोकांचा भाग वाचला, पण पैशाची या प्राचीन प्राकृत भाषेतले त्याचेही मूळ रूप आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी संस्कृत रूपांतरांतून ती कथा आपल्यापर्यंत आली.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि तिथे उर्दूचे वर्चस्व होते, त्यामुळे मराठी कादंबरी मुख्यतः पुण्या-मुंबईत वाढली. पुढे इथल्या लेखणीने दुष्काळ आणि जातवास्तव हाती घेतले, ते योग्यच झाले. अद्भुत मात्र कीर्तनात आणि आजीच्या गोष्टींत राहिले. म्हणूनच २०२० च्या टाळेबंदीत ही कादंबरी मोबाइलवर दर आठवड्याला एक भाग अशी येऊ लागली, तेव्हा वाचकांनी तिच्यावर मोठी आशा ठेवली.

सुरुवात खरोखर दमदार होती. नाथसागराचे पाणी आटल्यावर उघड्या पडलेल्या बुडीत गावात नायकाला पोथीचे पान सापडते. ते मोठ्याने वाचले की संकट टळते, पण भोवतालची जनावरे सात दिवस वैरणीला तोंड लावत नाहीत. चौथ्या भागात आपल्या बैलजोडीपुढे कडबा तसाच पडलेला पाहून तो पुन्हा न वाचण्याची शपथ घेतो. एकोणिसाव्या भागात दौलताबाद किल्ल्याच्या ‘अंधारी’ या काळोख्या भुयारी वाटेत कोंडला गेल्यावर तोच नायक तीन पाने वाचतो, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या चारा छावणीतल्या गुरांचे काय झाले, हे शेवटपर्यंत कळत नाही. ही पानेही हवी तीच, हव्या त्या वेळी त्याच्या हाती लागतात. शपथ मोडल्याबद्दल वाचकांची तक्रार नाही. ती मोडताना त्याला बैल आठवत नाहीत, याबद्दल आहे.

वाद पेटला तो छपाईच्या निर्णयावरून. भाग येत असताना नायक हरू नये असा वाचकांचा आग्रह वाढत गेला आणि कथानक त्याप्रमाणे वळत गेले. पुस्तक करताना ते सलग वाचून दुरुस्त करणे शक्य होते. प्रकाशकाने मात्र एक शब्दही न बदलता भाग छापले. लोकांना जे आवडले त्यात फेरफार करणे म्हणजे त्यांची फसवणूक, असे कारण दिले. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. तरीही आठवड्याच्या अंतराने वाचताना जी विसंगती नजरेआड होते, ती दोन बैठकींत वाचणाऱ्याला सतत खुपते. त्यासाठी क्रमशः प्रकाशनाला दोष देता येत नाही, कारण पुण्यात १८९० मध्ये सुरू झालेल्या एका साप्ताहिकाने क्रमशः छापलेल्या कादंबऱ्यांनीच मराठीत सुसंगत, जिवंत माणसे उभी केली होती.

दुसऱ्या खंडाचे भाग आता येत आहेत. त्यातही नायक पाने वाचतो आहे आणि जनावरांचा नियम त्याला अद्याप लागू झालेला नाही.