फळ्यावरून स्टेटसवर: कोल्हापूरच्या चळवळींची पार्श्वभूमी

जुलै २०२५ च्या अखेरीस नांदणीच्या जैन मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानुसार जामनगरच्या वनतारा या प्राणी संगोपन केंद्रात गेली आणि जिल्ह्यात मोबाइलवर एकच चित्र फिरू लागले: सिम पोर्ट करण्यासाठी १९०० या क्रमांकावर पाठवलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट. वनताराशी संबंधित उद्योगसमूहाच्या जिओ सेवेवरचा तो बहिष्कार होता. ३ ऑगस्टला नांदणीहून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पदयात्रा निघाली; ६ ऑगस्टला वनताराने हत्तिणीच्या परतीसाठीच्या सरकारी याचिकेत सहभागी होण्याची तयारी दर्शवली.

हा वेग नवा असला, तरी वहिवाट जुनी आहे. जानेवारी १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाला शाहू महाराजांनी आर्थिक साहाय्य केले आणि मार्चमधील माणगाव परिषदेत डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले. पुढे बिंदू चौकातील सभा आणि तालमीबाहेरचा काळा फळा ही शहराची माध्यमे झाली. फळ्यावर खडूने लिहिणाऱ्याचे अक्षर पेठेला ओळखीचे असे. मजकूर खटकला, तर त्याला गाठून जाब विचारता येई. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखालील टोलविरोधी आंदोलनाच्या काळात फेसबुक हाताशी आले होते, पण निर्णय कृती समितीच्या बैठकीतच होत. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. १५ ऑक्टोबर २०१६ च्या मराठा क्रांती मूक मोर्चाची आचारसंहिता मात्र व्हॉट्सअॅपवरूनही घरोघरी पोहोचली.

२०१७ मध्ये व्हॉट्सअॅपवर चोवीस तास टिकणारे छायाचित्रांचे स्टेटस आले. जयंती, गडावरचा फोटो, नेत्याचा वाढदिवस, जातीचा अभिमान, असे सारे तिथे लागू लागले. आपण कोण, हे सांगणारी ती जणू दारावरची पाटीच झाली, आणि एखाद्या दिवशी ती न लावणाऱ्याकडेही लोक संशयाने पाहू लागले, हे मला अधिक चिंताजनक वाटते.

या पाटीचे दुसरे रूप जून २०२३ मध्ये दिसले. औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्यासंबंधीच्या काही स्टेटसवरून ७ जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला. स्टेटस संपर्कयादीबाहेरच्या कोणाला दिसत नाही. शहरभर फिरले ते त्याचे स्क्रीनशॉट, आणि ते कोणाच्या हातून निघाले, हे ओळखायला खडूचे अक्षर नव्हते. फळा पुसता आला असता. इथे प्रशासनाला जिल्ह्याचे इंटरनेटच बंद करावे लागले.