गॅलिलिओची दुर्बीण आणि केप्लरची दुर्बीण

विज्ञान प्रदर्शनात तो तक्ता दर वर्षी कुठे ना कुठे भेटतोच: नळीच्या दोन्ही टोकांना बहिर्गोल भिंगं, आणि खाली ठळक अक्षरांत 'गॅलिलिओची दुर्बीण'. अहो, ती केप्लरची!

दुर्बिणीचा मूळ शोध गॅलिलिओचा नाही, हे एव्हाना बहुतेकांना ठाऊक असतं. 1608 मध्ये मिडलबर्गच्या हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने पेटंट मागितलं. ही करामत इतरांनाही जमते म्हणून डच सरकारने ते नाकारलं. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने सुधारलेली नळी व्हेनिसच्या दरबारी नजर केली आणि पगारवाढ पदरात पाडून घेतली. तीही डच धाटणीचीच, पुढे बहिर्गोल भिंग आणि डोळ्यापाशी अंतर्गोल. डोळ्यापाशीही बहिर्गोलच लावा, हे केप्लरने 1611 मध्ये मांडलं.

'गॅलिलिओच्या दुर्बिणीत सुलटं दिसतं, केप्लरच्या दुर्बिणीत उलटं' एवढं पाठ करून लोक थांबतात, तिथे माझं डोकं फिरतं. गुरू ग्रह उलटा दिसला म्हणून काय बिघडलं? खरी गोम नळीच्या आत आहे.

समजा पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर 100 सेंमी आणि मागच्याचं 5 सेंमी. दोन्ही दुर्बिणींतून 20 पट मोठंच दिसणार. पुढच्या भिंगातून आलेले किरण 100 सेंमीवर एकवटतात. गॅलिलिओचं अंतर्गोल भिंग त्यांना 95 सेंमीवरच अडवून फाकवतं, त्यामुळे नळीत प्रतिमा तयारच होत नाही. केप्लरचं भिंग बसतं 105 सेंमीवर. म्हणजे त्याच्या 5 सेंमी अलीकडे चंद्राची खरीखुरी प्रतिमा पडते. मागचं भिंग काढून त्या प्रतिमेच्या जागी बटर पेपर धरा, उमटलेली दिसेल. त्याच जागी एखादा केस ताणून बसवला, तर चंद्राबरोबर तोही रेखीव दिसतो. गॅलिलिओच्या नळीत हे होणे नाही. शिवाय तिच्यातून 20 पटीला सबंध चंद्रही एका वेळी मावत नाही.

इंग्लंडात विल्यम गॅस्कॉइन या खगोल अभ्यासकाला हे कोळ्याने दाखवलं. दोन बहिर्गोल भिंगांच्या उघड्या नळीत जाळ्याचा एक तंतू नेमका त्या जागी आला आणि लख्ख दिसला. त्यावरून त्याने नळीतच सरकपट्ट्या बसवून ग्रहांची रुंदी मोजणारं मायक्रोमीटर केलं. मोजणाऱ्या खगोलशास्त्राला लागणारी दुर्बीण ती हीच. गॅस्कॉइन मात्र 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना मारला गेला.