'यांपैकी कुठलीही' की 'या सगळ्या'? कॅटेगरी जुळवणाऱ्या दोन क्वेरी

'कॅटेगरी 3 आणि 7 ची पुस्तकं काढा' अशी मागणी आली की आधी विचारावं: एक असली तरी चालेल, की दोन्ही हव्यात? एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) त्यावर ठरते.

कुठलं पुस्तक कुठल्या कॅटेगरीत आहे हे नोंदवणाऱ्या जोड-टेबलमध्ये पुस्तक आणि कॅटेगरीच्या पाच ओळी आहेत असं धरू: 11–3, 11–7, 12–3, 13–7, 13–9.

एक चालत असेल तर पुस्तकांचं टेबल जोड-टेबलशी जॉइन करून (जुळणाऱ्या ओळी एकत्र आणून) 'व्हेअर कॅटेगरी इन (3, 7)' पुरतं. मात्र उत्तरात चार ओळी येतात, कारण 11 दोनदा जुळतं. डिस्टिंक्ट (दुहेरी नोंदी गाळणारा शब्द) लावला की यादी नीट दिसते, पण किमतींची बेरीज घेतलीत तर 11 ची किंमत दोनदा धरली जाते. बेरजेच्या आतच डिस्टिंक्ट घातला तर आणखी वाईट: सारख्या किमतीची दोन वेगळी पुस्तकं एकच मोजली जातात. जॉइनऐवजी एक्झिस्ट्स (जुळणारी ओळ आहे की नाही एवढंच तपासणारी अट) वापरा. पुस्तकाची ओळ मुळात एकदाच येते.

दोन्ही हव्या असतील तर बहुतेक जण 'कॅटेगरी = 3 अँड कॅटेगरी = 7' लिहितात आणि उत्तर रिकामं येतं. व्हेअर एका वेळी एकच ओळ तपासतो, आणि एका ओळीत कॅटेगरी एकच असते. इथे अट ओळींच्या गटावर हवी. इन (3, 7) तसाच ठेवा, पुस्तकाच्या आयडीवर ग्रुप बाय करा, म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या ओळींचा एक गट होतो, आणि पुढे गटावरची अट म्हणून 'हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट कॅटेगरी) = 2' लिहा. फक्त 11 उरतं.

यातला डिस्टिंक्ट शोभेचा नाही. जोड-टेबलमध्ये 12–3 चुकून दोनदा भरलं गेलं, तर साधा काउंटही 2 देतो आणि 12 आत शिरतं. पुस्तक आणि कॅटेगरी मिळून प्रायमरी की (टेबलमध्ये दोनदा येऊ न शकणारी ओळख) असेल तर हा धोका नाही. कॅटेगरींची यादी वापरणाऱ्याकडून येत असेल तर 2 हा आकडाही तिच्यातूनच काढा, तोही दुहेरी नोंदी गाळून. 3, 3, 7 आलं आणि अट '= 3' अशी झाली तर काहीच जुळणार नाही.

निवडलेल्या पुस्तकांच्या सगळ्या कॅटेगरी दाखवायच्या असतील तर जोड-टेबल पुन्हा जॉइन करा, कारण इनने बाकीच्या आधीच गाळलेल्या असतात.

दोनच कॅटेगरी असतील तर जोड-टेबल दोन टोपणनावांनी दोनदा जॉइन करणंही ठीक. संख्या बदलती असेल तर हॅविंगच बरं. जोड-टेबलचा इंडेक्स (ओळी लवकर शोधण्याची सूची) दोन्हींसाठी एकच: आधी कॅटेगरी, मग पुस्तक.