मधुमेही प्रौढांचे भावनिक स्वास्थ्य : संशोधन आणि नागपूरचा संदर्भ

मधुमेह आणि त्याचा रोजचा सांभाळ यांचा प्रौढ माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हे तपासणारे वैद्यक आणि मानसशास्त्र यांचे सामाईक अभ्यासक्षेत्र. दीर्घकाळच्या दुःखातून मधुमेह उद्भवतो, असे मत टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकातच मांडले होते. आधुनिक संशोधन दुसऱ्या बाजूनेही विचार करते. गोळ्या, इन्सुलिन, पथ्य, चालणे, तपासणी हे सगळे आयुष्यभर, एकाही दिवसाची सुटी न घेता करणाऱ्याचे मन कसे टिकते, हा त्याचा प्रश्न आहे.

या अभ्यासाला नेमके साधन मिळाले ते १९९५ मध्ये. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेड’ (मधुमेहातील अडचणींची क्षेत्रे) नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. पुढे काय गुंतागुंत होईल याची भीती, खाण्यावरून सतत वाटणारी चुटपुट, आपण एकटे पडलो आहोत ही भावना, अशा गोष्टींचा किती त्रास होतो हे तीत विचारले जाते. गुण ० ते १०० असतात आणि ४० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे तीव्र ताण मानला जातो. २००५ मध्ये १७ प्रश्नांची दुसरी मापनश्रेणी आली. तिने या ताणाचे चार भाग केले : मनावरचे ओझे, डॉक्टरांशी असलेले नाते, उपचारांचे पालन आणि घरच्या-बाहेरच्या माणसांचे वागणे. रक्तातली साखर एकदम उतरण्याच्या भीतीसाठी १९८७ पासून वेगळी प्रश्नावली आहे. ही भीती मोठी असलेला माणूस कधी कधी मुद्दाम साखर चढी ठेवतो. अशा वेळी त्याला बेफिकीर समजणे अन्यायाचे ठरते.

मधुमेहाचा ताण म्हणजे नैराश्य नव्हे, हे या संशोधनाचे सर्वांत मोलाचे फलित म्हणावे लागेल. ४२ अभ्यासांच्या २००१ मधील एकत्रित विश्लेषणात, मधुमेह असलेल्यांत नैराश्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. त्यानंतर लॉरेन्स फिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मधुमेहाचा ताण तीव्र असलेल्या बहुसंख्य लोकांना नैदानिक अर्थाने नैराश्य नसतेच. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेशी, म्हणजे एचबीए१सीशी, अधिक जवळचा संबंध दिसला तोही ताणाचा. हा फरक उपचारात लगेच जाणवतो. नैराश्याला मानसोपचार आणि गरजेप्रमाणे औषध लागते. ताणाला मात्र त्याचे कारण शोधावे लागते, आणि ते पुष्कळदा दवाखान्याच्या किंवा स्वयंपाकघराच्या व्यवहारात असते.

नागपुरात ती कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि वापरात असलेलेही साधारण ३० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते. घरी फ्रिज नसलेला किंवा दिवसभर उन्हात काम करणारा माणूस ती कुपी माठाच्या गारव्यात जपतो आणि औषध खराब तर झाले नसेल ना, या धास्तीत राहतो. वीज गेली की धास्ती वाढते. विदेशी प्रश्नावल्यांत या चिंतेला जागाच नाही.

दुसरे कारण सणांचे. विदर्भात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा पुरणपोळी, आंबील आणि ताटभर नैवेद्य दिवसभर रांधणारी बाई बरेचदा स्वतःच मधुमेही असते. ‘एका दिवसानं काय होते’ म्हणून आग्रह करणारे आणि ‘तुला शुगर आहे, विसरली का’ म्हणून ताटाकडे डोळे लावणारे एकाच पंगतीत बसलेले असतात. दोघांचाही हेतू चांगलाच असतो, पण तिला दोन्हीकडून ऐकावे लागते. निर्जळी उपवासाचे दिवस यात आणखी अडचणीचे, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी. लग्न ठरायचे असलेल्या तरुण टाइप १ मधुमेहींच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिनच तयार होत नसल्याने ते बाहेरून घ्यावे लागणाऱ्यांच्या बाबतीत आजार लपवण्याचा वेगळाच भार असतो. इंजेक्शन चारचौघांत घेता येत नाही, म्हणून ते वेळेवर घेतले जात नाही.

इथे संशोधनाच्या पद्धतीचाही प्रश्न येतो. ओपीडीत पेशंट सहसा एकटा येत नाही, मुलगा किंवा सून सोबत असते. घरच्यांच्या वागण्याचा त्रास होतो का, हा प्रश्न त्यांच्याच समोर विचारला तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. अशा मुलाखती एकांतात आणि तोंडी घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

भारताचा समावेश असलेला एक मोठा अभ्यास म्हणजे १७ देशांतील ‘डॉन-२’. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ४५ टक्के मधुमेहींना लक्षणीय ताण होता आणि जवळपास १४ टक्क्यांत नैराश्याची शक्यता दिसली. मधुमेहाचा तुमच्या जगण्यावर काय परिणाम होतो, असे डॉक्टरांनी किंवा त्यांच्या चमूने विचारल्याचे मात्र चौघांपैकी जेमतेम एकाने सांगितले. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेह सर्वेक्षणाने २०२१ साठी १०.१ कोटी मधुमेहींचा अंदाज दिला आहे. याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के होते आणि शहरी भागात ते १०.९ टक्क्यांवर गेले होते. एवढ्या लोकांना तो एक प्रश्न विचारायचा राहून जाणे ही गंभीर उणीव आहे.

उपाय चालतात, याचा पुरावा भारतातलाच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिपेंडंट’ या चाचणीत चेन्नई, बंगळुरू, दिल्ली आणि विशाखापट्टणम इथल्या चार मधुमेह केंद्रांतील ४०४ रुग्ण होते. सर्वांना मधुमेहासोबत नैराश्याची लक्षणे होती. प्रशिक्षित समन्वयक रुग्णाच्या संपर्कात राहिला आणि मानसोपचारतज्ज्ञ व मधुमेहतज्ज्ञ यांनी मिळून उपचारांचा आढावा घेतला. मनाची लक्षणे निम्म्याने घटून साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काही तरी सुधारणे, हे यशाचे माप होते. २४ महिन्यांनी या गटातील ७१.६ टक्के लोक त्यात बसले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ५७.४ टक्के. या चारांत मध्य भारतातले एकही केंद्र नव्हते, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्याचा आणि खाण्यापिण्याचा संदर्भ तपासायचा बाकी आहे. टाइप १ मधुमेहींसाठी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्बार्क’ चाचणीत शिक्षणावर भर देणाऱ्या गटापेक्षा भावनांवर थेट बोलणाऱ्या गटांत ताण अधिक उतरला.

नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स या सरकारी संस्थांत औषधवैद्यक आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. अशा एकत्रित उपचारांसाठी लागणारी माणसे त्यामुळे शहरात आधीच आहेत. गर्दीच्या ओपीडीत वापरायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली सोयीची. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, उठल्यावर ताजेतवाने वाटले का, असे साधे प्रश्न ती विचारते आणि रांगेत बसल्या बसल्या भरता येते. १०० पैकी ५० हून कमी गुण आले तर पुढची तपासणी करावी. इन्सुलिन मुद्दाम टाळणे, जेवणावरची वासना जाणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे पुढच्या तारखेपर्यंत थांबण्यासारखी नसतात. त्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असून तिथे मराठीत बोलता येते.