खोक्यातून काढली तशीच रायफल

पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर मुलाचं पहिलं वर्ष संपत आलं की पालकांचा प्रश्न ठरलेला: क्लबच्या रायफलवर गुण अडकलेत, जर्मन घ्यावी का? वरवर हा पैशांचा प्रश्न आहे. पण कारखान्यातून आलेली, कानस न लागलेली रायफल स्पर्धेला पुरते की नाही, हा वाद दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तर दर पिढीला बदलत आलंय.

आधी मोजमाप. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ म्हणजे ०.५ मिमीचा ठिपका. ४.५ मिमीच्या पेलेटची (एअर रायफलच्या छऱ्याची) कड त्याला शिवली की दहा. म्हणजे पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत हवा. तिथून पुढे दर २.५ मिमीला एक गुण जातो. दशांश पद्धतीत हीच पायरी ०.२५ मिमीची होते आणि वरची मर्यादा १०.९. त्यामुळे ज्या रायफलचा स्वतःचा पसारा, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, ५ मिमी आहे, तिच्यावर पूर्णांकांच्या काळात सगळे दहा बसू शकत होते. २००८ मध्ये बँकॉकच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये गगन नारंगने प्राथमिक फेरीत ६०० पैकी ६०० मारले, तेव्हा मोजपट्टीच तोकडी पडली होती. २०१३ पासून प्राथमिक फेरीही दशांशात मोजू लागले आणि मग तोच ५ मिमीचा पसारा महाग पडू लागला.

पण नेमबाजी आणि रायफल वेगवेगळी मोजायची कल्पना फार आधीची. १८६० मध्ये विम्बल्डनला ब्रिटिश नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केलं. व्हिटवर्थ रायफल लोखंडी चौकटीत आधीच नेम धरून बसवलेली होती. राणीने फक्त ट्रिगरला बांधलेली दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. षटकोनी नळीची ती रायफल लष्करी एनफिल्डपेक्षा कितीतरी अचूक होती. पण महाग, आणि दारूच्या काजळीने लवकर चोंदणारी. लष्कराने ती नाकारली. लष्कराला हवी असते चिखलात चालणारी रायफल.

त्याच तडजोडीची पुढची पिढी म्हणजे ब्रिटिश लष्कराची ली-एनफिल्ड. कारखान्याची चाचणी साधारण अशी: १०० फुटांवर पाचपैकी चार गोळ्या १ इंच रुंद आणि दीड इंच उंच चौकटीत. शे-दोनशे यार्डांवरच्या माणसासाठी हे पुरेसं. कागदावरच्या काळ्या गोलासाठी नाही. भारतात १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली (पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे), तेव्हा मोठ्या बोअरच्या नेमबाजीत हीच जातकुळी चालत होती.

या रायफलींचं खरं दुखणं लाकडात होतं. दस्त्याचं, म्हणजे नळी ज्यात बसते त्या लाकडी अंगाचं, पुढचं टोक नळीला खालून ठरावीक दाबाने टेकलेलं लागे. पुण्याच्या जुलैत लाकूड ओल पितं, फुगतं, दाब बदलतो आणि मे महिन्यात जुळवलेला नेम बाजूला सरकतो. नेमबाज साइट फिरवत बसे; चूक लाकडात असे. म्हणून आर्मरर, म्हणजे बंदुका जुळवणारे कारागीर, दस्ता आतून तासून, लोखंड आणि लाकूड जिथे भेटतात ती जागा नीट बसवून घ्यायचे. हेच ते बेडिंग. गंमत म्हणजे याच ली-एनफिल्डचा एक दोष लांब पल्ल्यावर गुण ठरे. नळी गोळीबरोबर वर-खाली थरथरते; कमी वेगाची गोळी थोडी उशिरा, नळी वर उचललेली असताना सुटते. त्यामुळे खूप लांबवर मंद आणि जलद गोळ्या जवळजवळ एकाच उंचीवर पोचत.

पुढे आर्मररची कामं एकेक करून कारखान्यात गेली. दस्त्याला न टेकणारी मोकळी नळी, थंड लोखंड ठोकून घडवलेलं रायफलिंग (नळीच्या आतले पीळदार खाचे), दस्त्यात ॲल्युमिनियमचा ठोकळा, मालकाला स्वतः हलका करता येणारा ट्रिगर. आज मध्यम किमतीच्या शिकारी रायफलवरही १०० यार्डांवर एका इंचाची हमी मिळते. ती वाचताना मात्र गोळ्या किती, ते बघावं. बहुतेक हम्या तीन गोळ्यांच्या असतात. त्याच रायफलने दहा मारल्या तर ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, सरासरी १.६ पट मोठा दिसतो. रायफल तीच, फक्त हुकायची संधी जास्त. स्पर्धेत साठ शॉट असतात.

एअर रायफलचा रस्ता वेगळा होता. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन धावत सुटतो आणि पेलेट नळीत असतानाच रायफल हलवतो. त्यामुळे ती हातात कशी धरली यावर नेम बदलतो. साठच्या दशकात फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीने यावर देखणी युक्ती काढली: नळी आणि पिस्टनचा भाग दस्त्यात रुळांवर बसवला. शॉट सुटताना तो भागच काही मिमी मागे सरकतो, खांद्याला काही कळत नाही. १९७४ मध्ये वॉल्थरच्या एलजीआरने स्प्रिंगच काढली आणि एका दट्ट्यात हवा दाबून ठेवली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली. नंतर भरलेल्या सिलिंडरचा जमाना आला: २०० बारची हवा, आणि दर शॉटला तेवढीच सोडणारा रेग्युलेटर.

म्हणजे आजची ऑलिंपिक एअर रायफल ही खोक्यातून काढलेली रायफलच आहे. तिच्यासोबत कारखान्याचं चाचणीचं कार्ड येतं, पाच पेलेटचं एक भोक, जेमतेम पेलेटएवढं. त्यात कानस लावायला जागा नाही. बदलायचं ते पेलेट. डबीवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१, नळीला कोणता आवडतो ते मारूनच कळतं. रायफल शिकंजात धरून प्रत्येक मापाचे दहा मारायचे, सगळे एकाच डबीतले, बुडाची कड चेपलेले बाजूला काढून. स्प्रिंगची बंदूक मात्र शिकंजात आवळू नये. तिचा शिकंजातला ग्रुप हातातल्या ग्रुपबद्दल काहीच सांगत नाही. ५० मीटर पॉइंट टू-टूला (.२२ बोअरच्या रायफलला) हाच खेळ काडतुसांच्या लॉटवर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांवर, चालतो. एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात, म्हणून बालेवाडीत सराव करून पॅरिसला पदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेच्या या प्रकारात मोठे नेमबाज आधी लॉट तपासतात आणि जमला की तोच साठवतात.

राज्य स्पर्धेतल्या ओपन साइट गटात अजूनही साध्या, नळी बिजागरीवर वाकवून भरायच्या स्प्रिंगच्या रायफली दिसतात. तिथे ग्रुप अचानक फुटला तर नळीला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघाव्या: दस्त्याचे स्क्रू, नळीच्या बिजागरीचा खेळ आणि पुढच्या साइटचा स्क्रू. पिस्टनवर तेल जास्त झालं असेल तर ते दाबाने पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो आणि पेलेट मन मानेल तसे उंच लागतात. शंभर-एक शॉटनी ते जळून जातं, पुन्हा तेल घालू नये.

तर पालकांच्या प्रश्नाला: क्लबची रायफल, ती स्प्रिंगची नसेल तर, शिकंजात धरून दहा पेलेट मारून घ्या. मध्यापासून मध्यापर्यंत २ मिमीच्या आत बसले तर आठ आणि नऊ रायफल मारत नाही. आणि वापरलेली जर्मन रायफल घ्यायचीच असेल तर नळीच्या आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्याचं आयुष्य उत्पादकाने ठरवून दिलेलं असतं, अनेकदा १० वर्षांचं.