डेटाचा उतारा: वेअरहाउसमधली माहिती बाहेर देण्यामागची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या महसूल आणि सीमाशुल्क खात्याच्या एका कार्यालयातून दोन सीडी लंडनला निघाल्या. कार्यालय इंग्लंडच्या ईशान्येला, वॉशिंग्टन नावाच्या गावात. लंडनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाला बालभत्त्याच्या नोंदी तपासायच्या होत्या. सीडी पाकिटात घालून नेहमीच्या टपालात टाकल्या गेल्या. रजिस्टर केलं नव्हतं, पोचपावती नव्हती. त्या पोचल्याच नाहीत. २० नोव्हेंबरला अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांना संसदेत उभं राहून सांगावं लागलं की २.५ कोटी लोकांची, म्हणजे ७२.५ लाख कुटुंबांची नावं, पत्ते, जन्मतारखा, विमा क्रमांक आणि काहींचे बँक तपशील त्या दोन चकत्यांवर होते. फायलींना पासवर्ड होता, पण एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करून ठेवणं, नव्हतं. खात्याचे अध्यक्ष पॉल ग्रे यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणात लोकांना हरवलेल्या सीडी आठवतात. मला त्यातला दुसराच तपशील जास्त बोलका वाटतो. लेखापरीक्षकांना पत्ते आणि बँक खाती नकोच होती, आणि तसं त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये कळवलंही होतं. पण नको ते कॉलम गाळायचे तर प्रणाली सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून वेगळं काम करून घ्यावं लागणार आणि त्याचे पैसे पडणार. त्यापेक्षा आहे ती अख्खी फाइल देऊन टाका. डेटाच्या कामात दोन-चार वर्षं काढलेल्या कोणालाही हा सूर ओळखीचा वाटेल: ‘सगळंच पाठव रे, त्यांना लागेल ते ते घेतील.’

आपल्याकडे सातबाराचा उतारा म्हणजे दप्तरातल्या नोंदीची त्या दिवशीची नक्कल. उद्या फेरफार झाला तरी हातातला कागद कालचंच सांगत राहतो, म्हणून बँक ताजा उतारा मागते. डेटाच्या धंद्यात याच अर्थाचा शब्द आहे, एक्स्ट्रॅक्ट, आणि दुखणंही तेच आहे. जवळजवळ अर्धशतकभर बाहेरच्याला डेटा देणं म्हणजे उतारा काढून देणं, एवढाच अर्थ होता. सुधारणा झाल्या त्या उतारा नेणाऱ्या गाडीत.

त्या गाडीचा पहिला आराखडा एका भारतीयाचा. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले अभय भूषण एमआयटीत होते आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी एफटीपीचा, म्हणजे फाइल पाठवण्याच्या नियमावलीचा, मसुदा लिहिला. तेव्हा संगणकांच्या जाळ्यावर मोजकी यंत्रं होती आणि ती चालवणारे एकमेकांना ओळखत होते. पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा, त्याचं कोणाला काही वाटत नसे. पुढे १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी फाइल कुलूपबंद करणारं पीजीपी आणलं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार घडल्यावर टातू यलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे बोलण्याचं साधन, लिहिलं आणि पुढे त्याच पायावर फाइल पाठवणारं एसएफटीपी उभं राहिलं. पीजीपीने बंद केलेली फाइल एसएफटीपीवर ठेवायची, ही रीत आजही मोडलेली नाही. रस्ता पक्का झाला, पण मुक्कामी पोचल्यावर त्या फाइलच्या किती प्रती निघाल्या हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

शिवाय रोजच्या कामात एवढी शिस्त तरी कुठे होती? सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल, झिप करायची, मेलला जोडायची आणि खाली लिहायचं, ‘पासवर्ड वेगळ्या मेलमध्ये पाठवत आहे.’ दोन्ही मेल एकाच इनबॉक्समध्ये, एकाखाली एक. ज्याला पहिला मिळाला त्याला दुसरा मिळणार नाही असं का वाटायचं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि असे मेल मीही पाठवलेत. पलीकडचा ती फाइल एक्सेलमध्ये उघडायचा. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गायब, लांबलचक क्रमांकाच्या शेवटी शून्यांची रांग, आणि देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. मग ‘तुमचा डेटा चुकलाय’ असा उलट मेल. हा प्रकार हसण्यावारी नेता येत नाही. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फायली जुन्या एक्सेल साच्यात भरल्या. त्या साच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. १५,८४१ कोविडबाधित वेळेवर मोजलेच गेले नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना गाठायलाही उशीर झाला.

मग बाहेरच्याला थेट डेटाबेसमध्येच का घेत नव्हते? फायरवॉलला, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीला, भोक पाडायला कोणी धजत नसे, हे एक कारण. दुसरं कारण यंत्राच्या घडणीतच होतं. जुन्या वेअरहाउसमध्ये, म्हणजे कंपनीचा सगळा डेटा विश्लेषणासाठी एकत्र ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये, डिस्क आणि प्रोसेसर एकाच पेटाऱ्यात जखडलेले असत. महिनाअखेरीला आपलेच ताळेबंद अहवाल रात्रभर रांगेत उभे, त्यात बाहेरच्या माणसाने एखादी बेफाम क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सोडली तर आपलंच काम अडणार. दुसऱ्याला वाचू देणं म्हणजे आपल्या चुलीवर त्याचा हंडा चढवणं.

ही जखडण क्लाउडमुळे सुटली. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली आणि डेटा एका जागी, तो वाचणारी यंत्रं दुसऱ्या जागी, ही मांडणी परवडू लागली. बेनुआ दाजविल, थिएरी क्रुआन आणि मार्चिन झुकोव्स्की यांनी २०१२ मध्ये काढलेल्या स्नोफ्लेक या कंपनीने सगळं वेअरहाउसच या पायावर रचलं. त्यात टेबलचे छोटे छोटे तुकडे एकदा लिहिले की पुन्हा बदलत नाहीत. बदल झाला तर नवे तुकडे लिहिले जातात आणि आत्ता टेबल म्हणजे नेमके कोणते तुकडे, याची यादी वेगळी ठेवली जाते. २०१७ मध्ये त्यांनी आणलेलं डेटा शेअरिंग हे या मांडणीतून जवळपास आपोआप निघालेलं फळ होतं. डेटा हलवायचा नाही, फक्त यादी वाचण्याची परवानगी दुसऱ्याच्या खात्याला द्यायची. देणारा एक शेअर बनवतो, त्यात टेबलं किंवा व्ह्यू (टेबलमधल्या निवडक ओळी आणि कॉलम दाखवणारी खिडकी) ग्रँट करतो, म्हणजे वाचायला देतो, आणि घेणाऱ्याचं खातं जोडतो. घेणाऱ्याला आपल्या खात्यात एक नवा डेटाबेस दिसतो, पण फक्त वाचण्यापुरता. साठवणुकीचं भाडं देणाऱ्याकडे, क्वेरीचं बिल घेणाऱ्याकडे. आता हंडाही त्याचा आणि चूलही त्याची. सकाळी मी एखादी किंमत दुरुस्त केली की त्यानंतरच्या त्याच्या क्वेरीला दुरुस्तच किंमत दिसते. परवानगी काढली की डेटाबेस कोरा. घेणाऱ्याचं स्वतःचं खाते नसेल तर देणाराच त्याला एक रीडर खाते उघडून देतो. तिथे मात्र क्वेरीचं बिलही देणाऱ्याच्याच माथी, आणि पहिलं बिल येईपर्यंत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

कॉलम गाळण्याचा तो २००७ चा खर्चिक प्रश्न इथे दहा ओळींच्या व्ह्यूवर आला. डेटा घेणारे शंभर वितरक असले तरी व्ह्यू एकच. क्वेरी कोणत्या खात्यातून येतेय ते पाहून ज्याच्या त्याला ज्याच्या त्याच्याच ओळी दिसतात. पण साधा व्ह्यू पुरत नाही, आणि त्यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. क्वेरी वेगाने चालावी म्हणून ऑप्टिमायझर, म्हणजे ती कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग, अटींचा क्रम बदलतो. समजा घेणाऱ्याने मुद्दाम अशी अट लिहिली की अमुक ग्राहक आढळला तर एकाला शून्याने भागावं. व्ह्यूच्या चाळणीआधी ही अट तपासली गेली तर भागाकाराची चूक पडद्यावर येते, आणि एकही ओळ न दिसता तो ग्राहक शेजारच्या वितरकाच्या यादीत आहे हे कळतं. म्हणून सिक्युअर व्ह्यू. त्यात अशा हुशाऱ्या बंद ठेवलेल्या असतात, क्वेरी थोडी मंदावते, आणि व्ह्यूची व्याख्याही परक्याला वाचता येत नाही. शेअर केल्यावर ‘क्वेरी हळू का चालते’ अशी तक्रार आली की आधी हेच पाहावं.

बाकीचेही याच वाटेने आले. गूगलच्या बिगक्वेरीत डेटासेट वाचायची परवानगी दुसऱ्याला देणं आधीपासून जमत होतं; २०२२ पासून ॲनालिटिक्स हबने त्याला प्रकाशक आणि वर्गणीदार असं रूप दिलं. ॲमेझॉनच्या रेडशिफ्टमध्ये सुरुवातीला डिस्क आणि प्रोसेसर एकत्रच होते. ते वेगळे करणारे आरए-थ्री नोड २०१९ च्या डिसेंबरात आले, त्यानंतरच २०२१ मध्ये तिथे शेअरिंग सुरू होऊ शकलं. स्नोफ्लेकमध्ये एक मर्यादा मात्र राहिली. देणारा मुंबईच्या रीजनमध्ये (क्लाउडच्या भौगोलिक विभागात) आणि घेणारा फ्रँकफर्टच्या, किंवा दोघांचे क्लाउड वेगळे, तर डेटा तिकडे रेप्लिकेट करावा, म्हणजे त्याची नक्कल तिकडे ठेवावी लागते. म्हणजे पुन्हा प्रत आली आणि तिच्या वाहतुकीचा खर्चही आला.

आणि घेणाऱ्याकडे ते वेअरहाउसच नसेल तर? मे २०२१ मध्ये डेटाब्रिक्स या कंपनीने डेल्टा शेअरिंग नावाचा खुला प्रोटोकॉल जाहीर केला तो यासाठी. घेणाऱ्याचा प्रोग्रॅम सर्व्हरकडे टेबल मागतो, सर्व्हर परवानगी तपासतो आणि मूळ पार्केट फायलींचे (पार्केट हा टेबल साठवण्याचा खुला फाइलप्रकार) थोड्याच वेळात बाद होणारे दुवे देतो. डेटा हाताळणारं पांडाज असो की स्पार्क, कोणीही वाचावं. यातली नाजूक वस्तू म्हणजे घेणाऱ्याला मिळणारी छोटी प्रोफाइल फाइल. तिच्यात सर्व्हरचा पत्ता आणि एक बेअरर टोकन, म्हणजे प्रवेशाची गुप्त किल्ली, असतं. बेअरर चेक ठाऊक असलेल्यांना याहून जास्त सांगायला नको: ज्याच्या हातात, त्याचे पैसे. म्हणूनच डेटाब्रिक्स ही फाइल दुव्यावरून एकदाच उतरवू देतं. तीच फाइल पुढे कोणी व्हॉट्सॲपवर ढकलली तर एकदाच उतरवण्याचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच.

चोऱ्याही अशाच साध्या दाराने होतात. २०२४ मध्ये स्नोफ्लेकच्या अनेक ग्राहकांचा डेटा चोरीला गेला. मँडियंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या अहवालात संभाव्य बाधित संस्थांचा आकडा सुमारे १६५ होता. शेअर फोडले गेले नव्हते, सिक्युअर व्ह्यू भेदले गेले नव्हते. कोणाच्या तरी संगणकावरून मालवेअरने उचललेले पासवर्ड, त्यातले काही २०२० पासूनचे, आणि ज्या खात्यांवर ते चालले तिथे दुहेरी पडताळणी बंद. एवढं पुरलं.

राहता राहिला घेणारा स्वतः. वाचायची परवानगी आहे म्हणजे आपल्या टेबलमध्ये उतरवून घ्यायचीही सोय आहे. एका ओळीची कमांड लागते. परवानगी काढून ती प्रत परत येत नाही. क्लीन रूम आल्या त्या यासाठी. ॲमेझॉनची ही सेवा २०२३ मध्ये सर्वांना खुली झाली. दोन्ही पक्षांचा डेटा जागच्या जागी राहतो, ठरवून दिलेल्याच क्वेरी चालतात आणि सहसा फक्त बेरजा बाहेर येतात, त्याही ठरावीक संख्येहून मोठ्या गटांच्या. गटाची ही अट हवी कशाला, हे लतान्या स्वीनी यांनी १९९७ मध्येच दाखवून दिलं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनींनी २० डॉलरला त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि पिनकोड, जन्मतारीख, लिंग एवढंच जुळवून राज्यपाल विल्यम वेल्ड यांची नोंद हुडकली.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की डेटा दुसऱ्याकडे प्रक्रियेला द्यायचा तर वैध करार हवा, आणि पुसायची वेळ आली की त्या दुसऱ्याकडूनही तो पुसून घेण्याची जबाबदारी देणाऱ्याची. गेल्या वर्षी आमच्याकडे यासाठी एक यादी करायला बसलो होतो: आपला ग्राहकडेटा सध्या कोणाकोणाकडे आहे? शेअरचा तक्ता एका कमांडसरशी आला, कोणाला, कधीपासून, काय. मग एसएफटीपीच्या फोल्डरकडे वळलो. तिथे २०१६ पासूनच्या फायली होत्या. त्या उतरवून घेणाऱ्यांपैकी दोन कंपन्या बंद पडल्या होत्या.