उतारा वेगळा, अँटिऑक्सिडंट वेगळं

"फवारणी करतोस ना? मग रोज व्हिटॅमिन सी आणि ई घेत जा, लिव्हरला काही होत नाही." हा सल्ला देणारे विषावरचा उतारा आणि अँटिऑक्सिडंट या दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ करतात.

अँटिऑक्सिडंट म्हणजे फ्री रॅडिकलना (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना) इलेक्ट्रॉन देऊन थंड करणारा पदार्थ, हे बहुतेकांना ठाऊक असतं. सी पाण्यात विरघळतं, ई पेशीच्या स्निग्ध आवरणात बसतं, खर्ची पडलेल्या ईला सी पुन्हा कामाला लावतं. एवढं पुरे.

घोळ होतो तो पुढे. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचं उदाहरण पाहा. ते यकृतात गेलं की तिथलीच सायटोक्रोम पी-450 विकरं (एन्झाइम) त्याचं ऑक्सॉन हे रूप बनवतात, आणि ते मूळ औषधापेक्षा कितीतरी जहाल असतं. हे ऑक्सॉन नसांचे संदेश वेळेत थांबवणाऱ्या अॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला चिकटून त्याला बंद पाडतं. मग लाळ, घाम, छातीत घरघर, डोळ्यांच्या आखडलेल्या बाहुल्या. उतारा इथे काम करतो: अॅट्रोपिन चढलेली लक्षणं रोखतं, प्रॅलिडॉक्झिम विकराला विषाच्या तावडीतून सोडवतं, तेही वेळेत दिलं तरच.

व्हिटॅमिन यातल्या एकाही पायरीला हात लावत नाही. विषाची विल्हेवाट लावताना यकृतात फ्री रॅडिकल वाढतात, पेशींच्या आवरणातली चरबी साखळीसारखी ऑक्सिडाइझ होत जाते, पेशी गळतात आणि रक्तात एसजीपीटी-एसजीओटी (यकृताची इजा दाखवणारी विकरं) चढतात. ही साखळी ई तोडतं. म्हणजे ते शेवटच्या नुकसानीपाशी उभं असतं. विष जागच्या जागी असतं आणि विकर बंदच. एसजीपीटी खाली आलं म्हणून विष उतरलं असं मुळीच नाही.

मग उंदरांवरच्या प्रयोगांत यकृत वाचलेलं दिसतं, ते कसं? बहुतेक वेळा तिथे व्हिटॅमिन विषाच्या आधी किंवा बरोबर दिलेलं असतं. विषबाधा झालेल्या माणसाच्या बाबतीत क्रम नेमका उलटा. शिवाय उंदराचं यकृत व्हिटॅमिन सी स्वतः तयार करतं, आपलं करत नाही. मात्राही पाहा: उंदराला किलोमागे 200 मिलिग्रॅम दिलं, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने (6.2 ने भागून) 60 किलोच्या माणसाला रोज जवळपास 2 ग्रॅम होतं. प्रौढांसाठी सांगितलेली वरची मर्यादा तेवढीच आहे, आणि त्यापलीकडे जुलाब व मुतखड्याचा धोका वाढतो.

"पण पॅरासिटामॉलच्या विषबाधेत अॅसिटिलसिस्टीन चालतं ना?" चालतं. ते ग्लुटाथायोन या यकृतातल्या संरक्षक पदार्थाचा साठा भरून काढतं आणि ग्लुटाथायोन त्या विषारी घटकाला थेट बांधून टाकतं, म्हणून ते उतारा ठरतं. व्हिटॅमिन सी असं काही बांधत नाही. याउलट पॅराक्वाट हे तणनाशक: त्याचा माराच फ्री रॅडिकलचा, तरीही सी-ई देऊन जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. तिथे तर गरज नसताना ऑक्सिजन दिला तरी फुप्फुसाची हानी वाढते.

अंगावर औषध सांडलं तर कपडे उतरवा, साबण-पाण्याने भरपूर धुवा. पोटात गेलं असेल तर ओकारी काढायला लावू नका: द्रावणात बहुधा पेट्रोलियमचं तेल असतं आणि ते फुप्फुसात उतरतं. डब्याचं लेबल घेऊन दवाखाना गाठा, कारण उतारा कोणता द्यायचा हे घटकावर ठरतं. नियमित फवारणाऱ्यांनी हंगामाआधी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी करून ठेवावी. पुढच्या आकड्याची तुलना त्याच्याशीच होते. नायट्राइल रबराचे हातमोजे गोळ्यांपेक्षा जास्त यकृत वाचवतात.

आणि 'ए-सी-ई'ची एकत्र कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी: व्हिटॅमिन ए यकृतातच साठतं, आणि मोठी मात्रा बराच काळ घेतली तर त्यानेच यकृत खराब होतं. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर ईची मोठी मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, रक्तस्राव होऊ शकतो.